सरहद्दीवरचा आजार

जर्मनीतील हायडेलबर्ग येथील मनोरुग्ण-चिकित्सालयाची सूत्रे १८९१ साली एमिल क्रेपेलिन यांच्या हाती आली, तेव्हा वेडाच्या वर्गीकरणात निव्वळ बेबंदशाही माजलेली होती. रुग्ण ज्या दिवशी दारात उभा राही त्या दिवशी तो ओरडत असेल तर एक नाव, गप्प बसला असेल तर दुसरे, आणि देवाशी संभाषण करीत असेल तर तिसरे, असा शिरस्ता पडून गेला होता. तोच मनुष्य दोन वर्षांनी परत आला की त्याच्या खाती आणखी एका रोगाची भर पडे. क्रेपेलिन यांनी प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड करविले. आजार कोणत्या वयात सुरू झाला, कसा चढला, कधी ओसरला, आणि रुग्ण घरी गेल्यानंतर पुढे त्याचे काय झाले, एवढे त्यावर मोजक्या शब्दांत लिहावयाचे, आणि अशी कार्डे शेकड्यांनी साठली म्हणजे ती पुनःपुन्हा पिसून कोणाची वाटचाल कोणाशी जुळते ते पाहावयाचे, हा त्यांचा खाक्या होता. वैद्यकाच्या इतिहासात कारकुनी कामाला इतका मान क्वचितच मिळाला असेल.

त्या कार्डांतून दोन मोठे मुलूख त्यांना दिसू लागले आणि १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत त्यांनी त्यांची आखणी करून टाकली. एका मुलखात तारुण्यात सुरू होणारा, विचारशक्ती आणि इच्छाशक्ती यांना कुरतडीत जाणारा, बहुधा कायमचा ऱ्हास घडविणारा आजार. दुसऱ्यात उन्माद आणि अवसाद यांच्या भरती-ओहोटीचा, मध्यंतरी मनुष्याला पूर्ववत् शहाणा करून सोडणारा आजार. पहिल्याला त्यांनी ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ म्हटले. झुरिचच्या बुर्गहोल्त्स्ली रुग्णालयाचे प्रमुख ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली बर्लिनच्या एका व्याख्यानात त्याच आजाराला ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव सुचविले, १९११ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि क्रेपेलिन यांच्या निराशेला मोठीच मुरड घातली. कारण ब्लॉयलर यांची पूर्वीची उमेदीची वर्षे ऱ्हायनाउ येथील आश्रमवजा रुग्णालयात रुग्णांच्या सहवासातच गेली होती, आणि सर्वांचाच ऱ्हास होत नाही हे त्यांनी जवळून पाहिले होते. मराठीत या आजाराला आपण छिन्नमनस्कता म्हणतो. एकाच देहात दोन व्यक्ती नांदतात अशी जी समजूत चित्रपटांनी रुजविली आहे तिचा या आजाराशी काडीचाही संबंध नाही, हे येथेच सांगून टाकलेले बरे.

मग त्यात असते काय? लोकांच्या नजरेत भरतात ते भास आणि भ्रम. भास बहुतकरून कानाचे असतात, आणि त्यांतही एक प्रकार फार लक्षणीय आहे: दोघे-तिघे आपापसांत रुग्णाविषयी बोलतात, किंवा कोणी एक जण त्याच्या प्रत्येक हालचालीचे धावते वर्णन करितो, ‘आता हा उठला, आता पाणी पितोय, बघ, पेला खाली ठेवला’. कुर्ट श्नायडर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने अशा लक्षणांना निदानात अग्रमान दिला होता. हल्लीच्या नियमांत तो पूर्वीइतका राहिलेला नाही, तरी अनुभवी डॉक्टर अजूनही ही चौकशी अगत्याने करतात. भ्रमाची तऱ्हा याहून वेगळी. दूरदर्शनवरचा वृत्तनिवेदक आपल्यालाच उद्देशून बोलतो आहे, समोरच्या घरातला दिवा लागतो-विझतो तो खुणेसाठी, आपल्या मनातले विचार बाहेर फुटून साऱ्या आळीला ऐकू जात आहेत, अशी अढळ खात्री रुग्णाला झालेली असते, आणि ती वादविवादाने हलत नाही. घरचे लोक मात्र पुरावा मागत बसतात आणि दोन्ही बाजू थकतात.

परंतु माझ्या मते या आजाराचे खरे दुःख भासांत नाही, ते पुढच्या सामसुमीत आहे. सकाळी दात घासावयास म्हणून उठलेला तरुण ब्रश हातात धरून मोरीपाशी अर्धा तास उभा राहतो. आंघोळीची आठवण चार वेळा करून द्यावी लागते. मित्राचा फोन येतो तो घेतला जात नाही. चेहऱ्यावरून राग-लोभ पुसल्यासारखे होतात. वाचलेल्या परिच्छेदाचा शेवट येईतो त्याचा आरंभ विसरलेला असतो. याला घरात ‘आळशीपणा’ म्हणतात, शेजारी ‘लाडावलेला’ म्हणतात. औषधाने आवाज पुष्कळदा थांबतात. ही मरगळ मात्र औषधाला सहजी दाद देत नाही. पुरुषांत हा आजार बहुधा विशीच्या आगेमागे आणि स्त्रियांत काही वर्षे उशिरा डोके वर काढतो, म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न या तिन्हींचा हिशोब मांडावयाच्या ऐन वेळी. आणि शंभरांत सुमारे एकाला, किंवा त्याहून किंचित कमी लोकांना, तो आयुष्यात कधी ना कधी गाठतो.

आता सरहद्दीच्या कज्ज्याकडे वळू. क्रेपेलिन यांची आखणी नकाशावर सुरेख होती, पण जमिनीवर उतरताच तक्रारी सुरू झाल्या. १९३३ साली जेकब कासानिन या रशियात जन्मलेल्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने नऊ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. सारे तरुण होते, आजारापूर्वी कामधंद्यात आणि मित्रमंडळींत नीट रमलेले होते, एखाद्या आघातानंतर एकाएकी बिघडले, छिन्नमनस्कतेचे भास-भ्रम आणि भावविकाराचा कल्लोळ दोन्ही एकाच वेळी दाखवू लागले, आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत पुष्कळसे सावरलेही. यांना कोणत्या मुलखात टाकावयाचे? कासानिन यांनी दोन्ही नावे जोडून ‘स्किझोअफेक्टिव्ह’ अशी संज्ञा वापरली. विशेष म्हणजे खुद्द क्रेपेलिन यांनीच १९२० साली, आयुष्याच्या उत्तरार्धात, कित्येक रुग्णांच्या बाबतीत या दोन आजारांत समाधानकारक भेद करता येत नाही, अशी स्पष्ट कबुली दिलेली होती. ज्याने शीव आखली त्यानेच ती पुसट असल्याचे लिहून ठेवावे, हा शास्त्रातील प्रामाणिकपणाचा नमुना आहे; पण पुढच्या पिढ्यांनी आखणी उचलली आणि कबुली दप्तरी दाखल करून टाकली.

नाव काय दिले याने फरक पडतो का? फार पडतो. १९६०च्या दशकात न्यू यॉर्क आणि लंडन येथील मनोरुग्णालयांत दाखल होणाऱ्या रुग्णांची एकाच पद्धतीने फेरतपासणी झाली, तेव्हा असे आढळले की न्यू यॉर्कचे डॉक्टर ज्यांना सर्रास छिन्नमनस्क म्हणत होते त्यांतील कित्येकांना लंडनच्या मोजपट्टीने उन्माद वा अवसाद हेच निदान मिळाले असते; रुग्णांत भेद थोडा होता, डॉक्टरांच्या सवयीत मोठा. आणि हे निव्वळ नावापुरते नव्हते. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ साली लिथियम या साध्या क्षाराचा उन्मादावरील गुण दाखवून दिला होता. म्हणजे चुकीच्या मुलखात नोंद झालेला रुग्ण त्या औषधाला मुकण्याचा संभव होता.

इतके असूनही अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली प्रत्येक आजाराला काटेकोर कसोट्या लावणारी आपली प्रसिद्ध नियमावली काढली, तेव्हा स्किझोअफेक्टिव्ह विकाराचे रकाने तिने कोरेच सोडले. सारे आजार नियमांनी जखडलेले आणि हा एकटा मोकाट! त्याची व्याख्या १९८७च्या सुधारित आवृत्तीत आली आणि २०१३ साली ती आणखी आवळली गेली. आजच्या अमेरिकन नियमाचा गाभा असा की, उन्माद किंवा अवसाद आणि छिन्नमनस्कतेची लक्षणे एका काळात एकत्र दिसली पाहिजेत. शिवाय कधी तरी किमान दोन आठवडे असे गेले पाहिजेत की मन भावविकाराच्या कचाट्यातून बाहेर आहे, तरी भास वा भ्रम टिकून आहेत. आणि एकंदर आजाराच्या बहुतेक काळावर भावविकाराची छाया असली पाहिजे. दुसरी अट भावविकाराच्या बाजूची शीव राखते, कारण उन्माद शिगेला पोहोचला की त्यातही मनुष्य स्वतःला मुख्यमंत्र्यांचा सल्लागार समजू लागतो, पण उन्माद उतरला की ते पदही जाते. तिसरी अट छिन्नमनस्कतेच्या बाजूची, कारण वर्षानुवर्षे आवाज ऐकणाऱ्या माणसाला मधूनच महिनाभर खिन्नता आली, तर तेवढ्याने त्याचा मुलूख बदलत नाही.

येथे वाचकाच्या ध्यानी आले असेल की निदान तारखांवर चालले आहे. रक्ताची तपासणी नाही, मेंदूचे छायाचित्र या बाबतीत कौल देत नाही. ते काढतात ते गाठ, संसर्ग, थायरॉइडचा दोष, मद्य-गांजाचा परिणाम अशी इतर कारणे वगळण्यासाठी. काय दिसले याहूनही काय आधी दिसले, काय नंतर, आणि कशाशिवाय काय टिकले, हाच प्रश्न; आणि त्याचे उत्तर दहा मिनिटे रुग्णाला पाहणाऱ्या डॉक्टराजवळ नसते, ते घरात असते.

एक कल्पित गृहस्थी समोर ठेवू. मिरजेकडचे मध्यमवर्गीय कुटुंब. धाकटा मुलगा तेविशीचा. आईने डॉक्टरांपुढे स्वयंपाकघरातले कालनिर्णय गुंडाळून आणलेले. त्याच्या चौकोनांत दुधाचे रतीब, मोलकरणीचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, आणि या सर्वांच्या मधून पेन्सिलीने बारीक अक्षरात: ‘रात्रभर जागा’, ‘चार हजारांचे रंग आणले’, ‘फार बोलतो, घसा बसला’. पाने उलटता उलटता डॉक्टरांचे बोट एका ओळीवर थांबते: ‘झोप ठीक. जेवतो. खिडकी लावून घेतो.’

“काकू, ही नोंद केव्हाची?”

“भाऊबीजेची. अहो, तेव्हा तर अगदी शांत होता तो. ताईला ओवाळणी घातली, हसला-बोलला. पण संध्याकाळ झाली की खिडकी लावायचा. म्हणायचा, समोरचे माझ्याबद्दलच बोलतायत.”

“आणि असं किती दिवस चाललं?”

“देवदिवाळीपर्यंत तरी. मग पुन्हा झोप उडाली.”

भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेची, देवदिवाळी मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेची. म्हणजे जवळजवळ चार आठवडे मन समतोल आणि आवाज मात्र चालू. एका पेन्सिलीच्या ओळीने जे सिद्ध झाले ते तासाभराच्या जबानीने झाले नसते. उलट हीच माऊली ‘दोन वर्षांपासून डोक्यावर परिणाम झालाय’ एवढेच सांगती, तर कागदावर कोणते नाव चढते हे डॉक्टरांच्या मगदुरावर अवलंबून राहते.

गंमत अशी की याच कॅलेंडरावर दोन निवाडे होऊ शकतात. आपल्याकडील २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणाचे नाव घेऊन प्रमाण सांगतो, आणि त्याची अकरावी आवृत्ती, जी २०२२च्या आरंभी अमलात आली, ती त्या दोन कोरड्या आठवड्यांचा आग्रह धरीत नाही. दोन्ही प्रकारची पुरी लक्षणे एकाच झटक्यात, बरोबरीने किंवा काही दिवसांच्या अंतराने, निदान महिनाभर दिसली म्हणजे तिला पुरे आहे. अमेरिकन नियम सारे आयुष्य पाहतो, जागतिक नियम चालू झटका पाहतो. तेव्हा एका डॉक्टरांनी एक नाव लिहिले आणि दुसऱ्यांनी दुसरे, तर त्यांतला एक अडाणी असलाच पाहिजे असे समजून नातेवाइकांनी तिसऱ्याकडे धाव घेण्याचे कारण नाही.

मुळात ही शीव निसर्गाने आखली आहे काय, हा प्रश्न उरतोच. स्वीडनमधील नव्वद लाखांहून अधिक लोकांच्या कौटुंबिक नोंदी तपासून २००९ साली असे दाखविण्यात आले की छिन्नमनस्कतेच्या रुग्णांच्या सख्ख्या नातलगांत उन्माद-अवसादाचे प्रमाणही वाढलेले असते, आणि उलटही तसेच; दोन्हींमागील आनुवंशिक कारणांचा मोठा वाटा सामाईक आहे. आनुवंशिकता म्हणजे ललाटलेख मात्र नव्हे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला छिन्नमनस्कता झाली तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसरा सुटतो. गर्भावस्थेतील उपासमारही कारणांच्या यादीत येते: १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी नाकेबंदी केलेल्या हॉलंडात दुष्काळाच्या ऐन कडाक्यात जी मुले गर्भात आली त्यांच्यात पुढे या आजाराचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. कोवळ्या वयातील गांजाचाही संबंध पुरेसा स्थापित झालेला आहे. आईच्या वागणुकीने मूल छिन्नमनस्क होते, हा विसाव्या शतकाच्या मध्यास पश्चिमेत बोकाळलेला सिद्धान्त तेवढा निकालात निघाला, आणि त्याने जितक्या आयांना विनाकारण अपराधी ठरविले ते पाहता तो लवकर निकालात निघाला असे म्हणवत नाही.

उपचाराचा इतिहास कलकत्त्यापासून सुरू करावयास हरकत नाही. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली सर्पगंधेच्या मुळीचा वेडावरील आणि रक्तदाबावरील उपयोग वर्णन केला. तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य स्वित्झर्लंडमध्ये १९५२ साली वेगळे काढले गेले. पण त्याच वर्षी पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात झाँ दले आणि पिएर दनिकेर यांनी क्लोरप्रोमॅझिन वापरून पाहिले आणि मनोरुग्णालयांचा चेहराच पालटला. सर्पगंधा मागे पडली. त्यानंतरची औषधे सत्तर वर्षांत पुष्कळ बदलली, तरी बहुतेकांची मुख्य कामगिरी मेंदूतील डोपामिनच्या संदेशांना आवर घालण्याचीच. जुन्या गोळ्यांनी मान वाकडी होणे, हात थरथरणे, एका जागी बसवेनासे होणे. नव्यांनी वजन आणि साखर वाढणे. हे सर्व डॉक्टरांना सांगून डोस किंवा औषध बदलून घेता येते, आणि न सांगता गोळ्या गादीखाली सरकविण्यापेक्षा ते केव्हाही श्रेयस्कर. दोन औषधांनी दाद न मिळाल्यास क्लोझापिनची पाळी येते. फिनलंडमध्ये १९७५ साली या औषधाने पांढऱ्या पेशी घटून काही रुग्ण दगावल्यामुळे ते जवळपास बाद झाले होते. १९८८ साली अमेरिकेतील एका चाचणीने हट्टी आजारात त्याची सरशी दाखविली तेव्हा ते नियमित रक्ततपासणीच्या अटीवर परत आले. आत्महत्येची प्रवृत्ती छिन्नमनस्कता आणि स्किझोअफेक्टिव्ह विकार या दोन्ही आजारांत भयंकर आहे, आणि तीही क्लोझापिनने कमी होते असा पुरावा आहे.

स्किझोअफेक्टिव्ह विकारात याच औषधांच्या जोडीला भावना स्थिर ठेवणारे लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट, अथवा आजार अवसादाच्या अंगाने जाणारा असल्यास अवसादविरोधी औषध देतात. लिथियमचे रक्तातील प्रमाण वारंवार मोजावे लागते, मूत्रपिंड व थायरॉइड यांवर नजर ठेवावी लागते, आणि जुलाब-उलट्या होऊन अंगातले पाणी कमी झाले तर ते विषासमान होऊ शकते, हे उन्हाळ्यात तरी विसरू नये. व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक असल्यामुळे तरुण स्त्रियांना शक्यतो देऊ नये, असा आता सर्वत्र संकेत आहे.

हे लिहिताना एका आपल्याकडच्या उपायाचा उल्लेख टाळता येत नाही. ‘लग्न करून दिलं की सुधारेल.’ आजार लपवून मुलीच्या वा मुलाच्या गळ्यात माळ घालावयाची, सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद करावयाच्या, आणि मग तीन-चार महिन्यांत आजार उलटला की ‘बाहेरचं’ झाले म्हणून देवऋषी गाठावयाचा: या वहिवाटीने जितकी आयुष्ये नासली असतील तितकी रोगाने तरी नासली असतील की नाही याची मला शंका वाटते. भूत उतरविण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे वा मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने आग्र्यासह नऊ केंद्रांतील बाराशे रुग्णांची जी मोठी पाहणी केली, तीत आग्रा, नायजेरियातील इबादान आणि कोलंबियातील काली येथील रुग्ण श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा पुढे बरे राहिल्याचे दिसले, आणि तेव्हापासून आपल्या कुटुंबसंस्थेचे पोवाडे गाण्यास चांगले निमित्त मिळाले. नंतरच्या अभ्यासकांनी या निष्कर्षावर सयुक्तिक हरकती घेतल्या आहेत. माझे स्वतःचे मत असे की ‘कुटुंब’ म्हणून ज्याची स्तुती होते ते पुष्कळदा एकटी आई, अविवाहित बहीण किंवा एखादी भावजय असते, आणि तिची रात्रीची झोप कोणत्याही पाहणीत मोजली जात नाही. टोमणे, टीका आणि अति-काळजी यांनी आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे लंडनमधील संशोधनाने दाखविले. पण ते त्या थकलेल्या बाईला सुनावण्यापूर्वी तिच्या हातचे काम कोणी तरी घ्यावयास हवे.

हा विचार मराठी समाजात रुजविण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते त्यांत जगन्नाथ वाणी यांचे नाव अग्रभागी आहे. मूळचे धुळे जिल्ह्याकडचे हे गृहस्थ कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. घरातच हा आजार पाहिल्यामुळे त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, आणि २००४ साली सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या चित्रपटामागेही ते उभे राहिले. अशा स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात.

कायद्यानेही काही हक्क दिले आहेत, ते माहीत असावेत. मनुष्य बरा असताना, पुढे झटका आला तर आपल्यावर कोणते उपचार करावेत व कोणते करू नयेत, हे तो २०१७च्या कायद्यान्वये लेखी नोंदवून ठेवू शकतो आणि आपला प्रतिनिधीही नेमू शकतो. भूल दिल्याखेरीज विद्युत्-उपचार करण्यास त्यात मनाई आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली अपंगत्वाचा दाखला मिळतो, आणि त्यासाठी जी भारतीय मोजपट्टी वापरतात तिच्यात मनुष्य स्वतःची निगा किती राखतो, माणसांत किती मिसळतो, बोललेले किती समजतो व समजावतो, काम किती करितो आणि आजार किती काळचा आहे, याला गुण असतात. स्किझोअफेक्टिव्ह की छिन्नमनस्कता, याला वेगळे गुण नाहीत. चाळीस टक्के व त्यावर भरल्यास सवलती लागू होतात. दाखला पुष्कळदा ठरावीक मुदतीचा असतो, तेव्हा मुदत भरण्यापूर्वीच जुनी कागदपत्रे घेऊन जिल्हा रुग्णालयात फेरतपासणीसाठी अर्ज करावा.